मॅडम, तुम्ही पेनाला टोपण लावलंत त्याबद्दल

मॅडम, नमस्कार. तुमचं नाव इथं टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. लिहायचं कधीपासनं मनात होतं, आज लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि राहवलं नाही.

जोतिबाच्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला तेव्हापासनं मी दवाखानेच दवाखाने फिरले. एकांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, एकांनी दम्याचा पंप दिला, आणि एक तर माझ्याकडं न बघताच आमच्या ह्यांना म्हणाले, "टेन्शन घेतात ओ, जरा पन्हाळ्याला फिरवून आणा." पन्हाळ्याला! मला चार पायऱ्या चढवत नव्हत्या आणि हे गडावर पाठवतायत. पुढं एका ठिकाणी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, फुप्फुसाचा बीपी निघाला, म्हणजे नेमकं काय हो असं विचारलं तर उत्तर आलं, "ते तुम्हाला कळणार नाही, गोळ्या चालू करा." महाद्वार रोडला साड्यांच्या दुकानात अख्ख्या सीझनचा हिशेब तोंडपाठ असतो माझा, मला न कळायला काय झालं?

तुम्ही इकोच्या पाकिटावरच चित्र काढलंत. हृदयाची उजवी बाजू, तिथनं फुप्फुसाकडं जाणारी रक्तवाहिनी, पुढं फुप्फुसातल्या बारीक नळ्या आतनं अरुंद झाल्यात म्हणून उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतोय. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो बीपी वेगळा, म्हणूनच तो कायम नॉर्मल यायचा. नळी घालून आतला दाब मोजायची टेस्ट का लागते तेही सांगितलंत, सरासरी 20 च्या वर गेला की जास्त धरतात, नुसत्या इकोवर पक्कं म्हणता येत नाही.

आणि मग ते टोपण. टेस्टचे रिपोर्ट आल्यावर तुम्ही सिल्डेनाफिल लिहिलंत, दुसऱ्या गोळीपाशी थांबलात, पेनाला टोपण लावलंत, पेन कागदावर आडवं ठेवलंत आणि खुर्ची माझ्याकडं वळवलीत. सासूबाई आणि हे माझ्या वतीनं बोलत होते, त्यांना हातानंच थांबवून म्हणालात, "आता ह्यांना विचारू. दिवसभर काय काम असतं तुमचं? आणि काय केल्याशिवाय चैन पडत नाही?" मला पटकन उत्तरच सुचेना, कारण हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या गोळीला दोन पर्याय होते. अँब्रिसेंटन दिवसातनं एकदाच, लिव्हरची तपासणी तितकी सारखी लागत नाही, पण पाय सुजू शकतात. बोसेंटन दोनदा, आणि दर महिन्याला लिव्हरसाठी रक्त द्यायचं. तुमचा कल पहिलीकडं होता, ते तुम्ही लपवलं नाही. मी म्हटलं, मॅडम, काउंटरला उभं राहायचं काम आहे, पाय सुजले तर चप्पलसुद्धा जाणार नाही, त्यापेक्षा रक्त द्यायला येते की. तुम्ही म्हणालात, "मग तसंच करू, नाही सोसली तर बदलू." आणि मग टोपण काढून बोसेंटन लिहिलंत.

मुलाचा विषय तर सासूबाईंना बाहेर बसवून फक्त आम्हा दोघांशी बोललात. या आजारात गरोदरपण जिवावर बेतू शकतं, ही गोळी पोटातल्या बाळालाही घातक, आणि बोसेंटनमुळं गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो म्हणून नुसत्या तिच्यावर विसंबू नका. घाई केली नाहीत, हे गप्प बसले तर गप्प बसू दिलंत. त्या दिवशी आम्ही दोघंही लई रडलो, पण कुणी फसवल्यासारखं वाटलं नाही.

हां, आणि सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रातलंच औषध, ते म्हटल्यावर मेडिकलवाला गालात हसेल म्हणून चिठ्ठीवर मराठीत "फुप्फुसाच्या रक्तदाबासाठी" लिहून दिलंत. तरी हसलाच तो. मी चिठ्ठी त्याच्या तोंडासमोर धरली.

लोक म्हणतात मोठ्या डॉक्टरांना वेळ नसतो. तुमच्याही दारात गर्दी असतेच की, नंबर लावून तासन् तास बसलेय मी. पण पेशंट घरी जाऊन कसा जगणार आहे हे विचारायला असा किती वेळ लागतो? दोन मिनिटं. ती ज्यांनी दिली नाहीत त्यांची फी मात्र चोख होती.

पुढच्या महिन्यात रिपोर्ट घेऊन येतेच. सासूबाई तुमच्यासाठी खर्डा कुटून देणार म्हणतायत, मला मीठ कमी करायला लावलंय म्हणून तुमच्यावर थोडा राग आहे त्यांचा, तेव्हा तिखट जपून खा.