ग्रीनवेचा माग काढताना मदतीला आलेल्यांचे मनापासून आभार

फ्रान्सिस ग्रीनवे हा ब्रिस्टलचा वास्तुविशारद. बनावट दस्तऐवजापायी १८१२ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती चौदा वर्षांच्या हद्दपारीवर आली आणि १८१४ मध्ये तो कैदी म्हणून सिडनीत उतरला. तिथल्या ब्रिटिश वसाहतीचे गव्हर्नर मॅक्वारी यांनी त्याचं कसब हेरलं. सिडनीतलं सेंट जेम्स चर्च आणि कैद्यांना ठेवायची इमारत हाइड पार्क बॅरॅक्स ही त्याचीच कामं. अशा माणसाला नुसतं ‘गुन्हेगार’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

कैद्यांच्या नोंदीतलं पुसट, वळणदार अक्षर ज्या ताईंनी ओळ न् ओळ लावून दिलं, त्यांची मी ऋणी आहे. बॅरॅक्समध्ये ज्या काकांनी थांबवून जमिनीच्या फळ्यांखाली सापडलेला कैद्याचा निळा-पांढरा पट्टेरी सदरा दाखवला, त्यांचीही. तिथल्या उंदरांनी घरट्यांसाठी चिंध्या नि बारीकसारीक वस्तू फळ्यांखाली ओढून नेल्या, म्हणून त्यातल्या कितीतरी टिकल्या, हे त्यांच्याकडूनच कळलं.

ग्रीनवे १८३७ मध्ये हलाखीत वारला. ऑस्ट्रेलियातल्याच ईस्ट मेटलंड गावी त्याच्या थडग्यावर साधी खूणही नाही. तिथे भर उन्हात माझ्यासोबत फिरलेल्या आजी-आजोबांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कुणी त्यांना ओळखत असेल, तर माझा नमस्कार नक्की पोचवा.