न दुखणारी गाठ

विश्रामबाग, सांगली

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सहज सांगितलेस की महिनाभरापासून मानेत, कॉलरबोनच्या जरा वर, सुपारीएवढी गाठ लागते, पण दुखत नाही म्हणून दाखवली नाही. नऊ वर्षांपूर्वी तुझ्या काकानेही मला हेच सांगितले होते आणि ‘दुखत नाही ना, मग जिरेल’ असे उत्तर मीच त्याला दिले होते.

पायाला जखम होऊन जांघेत अवधाण येते किंवा घसा धरल्यावर जबड्याखाली गाठी येतात, त्या बहुधा दुखऱ्या असतात आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची गाठ बहुतेकदा दुखत नाही, हाताला रबरासारखी लागते आणि वाढत राहते. म्हणून न दुखण्यात दिलासा मानू नकोस. कॉलरबोनवरच्या गाठीकडे तर डॉक्टर विशेष गांभीर्याने पाहतात.

काकाला पुढे संध्याकाळी अंगात कसर राहू लागली, रात्री सदरा पिळावा इतका घाम येई, पुरळ नसतानाही अंग खाजे आणि ७० किलोंचे वजन ६ महिन्यांत ६१वर आले. क्षयाच्या गाठीतही ताप, घाम आणि वजन घटणे दिसतेच. त्यामुळे गाठीचा तुकडा न तपासताच त्याला टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्यात चार महिने गेले. अखेर मिरजेत अख्खी गाठ काढून बायोप्सी केली, तेव्हा हॉजकिन लिम्फोमा निघाला. केमोथेरपीने तो बरा झाला, आज रोज कृष्णेच्या घाटावर फिरायला जातो; पण ते चार महिने मला अजून सलतात.

तुझी गाठ साधीच असण्याची शक्यता अधिक आहे, हेही मनापासून लिहितो. तरी हा आजार विशी-तिशीतही होतो, म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांना दाखव. आडवे झाल्यावर खोकला येतो का, धाप लागते का, तेही त्यांना सांग. सुईच्या तपासणीतून निदान स्पष्ट झाले नाही, तर पूर्ण गाठीची बायोप्सी करावी का, असे न संकोचता विचार, आणि तिच्याआधी कोणाच्या सल्ल्याने स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नकोस, कारण त्यांनी गाठ तात्पुरती बसते आणि निदान अवघड होते.

शनिवारी सकाळी आई आणि मी पुण्याला येतो. तोवर रोज संध्याकाळी ताप मोजून वहीत लिहून ठेव.

तुझे,
बाबा