पाचर सैल झाली तर

कुडाळ,
शनिवार सकाळ

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सने तुझं खाचांत फळ्या अडकवून जोडायचं आणि हवं तेव्हा सोडवायचं टेबल पाठवतोय. चार फळ्या आहेत, आईच्या दोन जुन्या चादरींत गुंडाळून सुतळीने बांधल्यात. आत काच आहे असं ड्रायव्हरला सांगितलंय, म्हणजे तो वर नारळाची पोती टाकणार नाही. हे पत्र मोठ्या फळीच्या पाठीला चिकटवलंय. कारण असं की तुझ्या ड्रॉइंगमध्ये मी तुला न विचारता काही बदल केलेत, आणि फोनवर ते सांगायला गेलो की तू "बाबा, दिलंय तसंच करा ना" म्हणतेस आणि मी "बरं" म्हणून गप्प बसतो.

आधी खाचांचं सांगतो. तू प्रत्येक खाच १८ मिलिमीटरची काढलीस, का तर प्लाय १८ एमएमचा. अगं, १८ हे त्या प्लायचं नाव झालं. आमच्याकडे अजून म्हातारे सुतार दुकानात "सहा सुती द्या" म्हणतात, म्हणजे पाऊण इंच, म्हणजे १९. दुकानदार त्याच शीटकडे बोट दाखवतो. घरी आणून जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तेव्हा या शीटला पाच जागी १७.३ पासून १७.६ पर्यंत मापं मिळाली. १७.५ धर. आता तू म्हणशील, अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय? बाजूची फळी मागच्या आडव्या फळीत अडकते ती फक्त साडेसतरा मिलिमीटरच्या जाडीत, आणि तिचं पुढचं टोक तिथून दीड फूट लांब. खाचेतला अर्धा मिलिमीटर त्या टोकाला सव्वा सेंटिमीटर होऊन बसतो. तू लिहायला बसलीस की टेबल डुलणार, आणि तू खाली कागदाची घडी घालणार. घडीने काही होत नाही, कारण जमीन सरळच असते.

म्हणून त्याच शीटच्या उरलेल्या पट्टीत मी आधी सहा खाचा मारल्या, १७.२ पासून वर ०.२ ने वाढवत, फणीसारख्या. त्यात दुसरा तुकडा घालून बघितला. १७.४ मध्ये मोगरीचे, म्हणजे लाकडी हातोड्याचे, घाव घालावे लागले, १७.८ मध्ये आपोआप पडला, १७.६ मध्ये तळहाताने दाबून बसला. ती फणी पार्सलमध्ये ठेवलीय, टाकू नकोस. पुढच्या शीटला ती चालणार नाही, त्याची वेगळी करावी लागेल, पण फणी कशी करायची ते हातात घेतल्यावर कळेल.

तुझा दुसरा हट्ट परदेशी बर्च प्लायचा. तो कुडाळात मिळत नाही, आणि मिळाला तरी मला परवडत नाही. मी सातशेदहा वापरलाय, आयएस ७१०, पाण्याला टिकणारा. पुण्यातल्या कोरड्या खोलीला साधा आयएस ३०३ पुरला असता, पण इथल्या पावसाची सवय सुटत नाही. आपल्या कामात प्लायची कड उघडी राहते, वर बीडिंगची पट्टी नाही की सनमायका नाही, त्यामुळे आत पोकळी असलेला प्लाय चालत नाही. खाच कापली आणि मध्येच काळं भोक दिसलं तर त्या खाचेत ताकद नाही. दुकानात शीट उभं करून बोटाच्या पेराने ठोकत जातो आणि आवाज जिथे बसका होतो तिथे खडूने खूण करतो. परवा तीन शीटं परत केली, दुकानदाराचं तोंड अजून वाकडं आहे.

सनमायकाचं एक सांगायचं राहिलं, कारण तेव्हा तू अहमदाबादला होतीस. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासाठी जोडून-सोडून ठेवायचं पुस्तकांचं कपाट केलं. कापून झाल्यावर बाईंना वाटलं की सनमायका हवाच. लावला. एक मिलिमीटर या बाजूने, एक त्या बाजूने. साडेसतराच्या फळ्या साडेएकोणीसच्या झाल्या आणि खाचा होत्या तिथेच. बावीस खाचा मी कानस घेऊन रात्रभर रुंद केल्या, आणि कानशीच्या त्या खाचा कधी सरळ होतात का? कपाट उभं राहिलं, पण दुसऱ्यांदा खोललं तेव्हा परत घट्ट झालंच नाही. पैसे परत दिले. पॉलिशचंही तसंच आहे. तुझ्या टेबलाला मेलामाइनचे तीन हात दिलेत, पण जिथे लाकडात लाकूड जातं तिथे आधी चिकटपट्टी लावून ती जागा कोरी ठेवलीय. तिथे पॉलिश का नाही म्हणून फोन करू नकोस.

आता मोठा बदल. तू मागची आडवी फळी चार इंचांची काढली होतीस, दोन इंचांची खाच तिच्यात आणि दोन इंचांची बाजूच्या फळीत. कागदावर सुंदर दिसतं. पण दोन इंचांची पकड टेबलाला डावीकडून उजवीकडे झुकायला अडवणार कशी? मी ती फळी आठ इंचांची केली आणि तिच्या दोन्ही टोकांना चार इंचांची कुसं, म्हणजे पुढे आलेल्या जिभा, काढली. कुसू बाजूच्या फळीतून आरपार बाहेर येतं, त्याला भोक, भोकात वरून पाचर. आठ इंचांचा खांदा बाजूच्या फळीला आतून टेकतो आणि पाचर ठोकत गेलीस की तो करकचून आवळतो. खाच एखाद-दोन दशांश सैल असली तरी पाचर ती खाऊन टाकते, आणि दर वेळी घर बदलून तू टेबल पाचव्यांदा जोडलंस तरी पाचर फक्त थोडी जास्त खाली जाईल. नुसत्या खाचेवर खाच तशी आवळता येत नाही, ती झिजतच जाते. तुझे अकरा महिन्यांचे करार बघता हे मला गरजेचं वाटलं.

पाचरीचं भोक काढताना एक खुबी आहे, ती तुझ्या आजोबांनी मला थोबाडीत मारून शिकवली. भोकाची आतली कड फळीच्या बाहेरच्या अंगाशी नेमकी जुळवायची नाही, एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आत दडवायची. जुळवलीस तर पाचर कुसवातच अडकते, फळीला खेचत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून शिकाऊ पोरगा हमखास चुकतो. पाचरी खैराच्या आहेत, इंचाला एक सूत उतार.

सीएनसीवर, त्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, करून घ्या असं तू म्हणाली होतीस. एमआयडीसीत गेलो होतो. पोरगा हुशार आहे, काम वेगात झालं. पण सहा मिलिमीटरचं पातं गोल फिरतं, त्यामुळे खाचेच्या आतल्या कोपऱ्यात तीन मिलिमीटरची गोलाई राहते आणि चौकोनी फळी त्यात पूर्ण बसत नाही. तू त्यासाठी प्रत्येक कोपऱ्यात ते बाहेर आलेलं गोल भोक दाखवलं होतंस. मला ते उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. वरच्या फळीच्या खाचा तुझ्या डोळ्यांसमोर राहणार, म्हणून तिथले आठ कोपरे पटाशीने चौकोनी काढलेत. मागे, जिथे कोणाचं लक्ष जात नाही, तिथे तुझी भोकं तशीच ठेवलीत. आणि खरं सांगायचं तर तिथे ती बरी आहेत. पटाशीच्या टोकदार कोपऱ्यातून प्लायला चीर जाते, गोल भोकात ती थांबते. एवढं तुझं बरोबर.

बाजूच्या दोन फळ्या फणसाच्या करा असाही तुझा निरोप आईकडून आला होता. फणसाचा रंग मलाही आवडतो. पण सलग लाकडात अशी खाच कापली की खाचेच्या तोंडाशी जो आखूड तुकडा उरतो, त्यात लाकडाच्या तंतूंची रेषा आडवी जाते. रेषेवर लाकूड बिस्किटासारखं तुटतं. मागे एक स्टूल केलं होतं फणसाचं, तुझ्या मामाचा धाकटा त्यावरून उठला आणि खाचेचा ओठ निखळून पडला. दोष मुलाचा नव्हता. प्लायमध्ये पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले, तेही नेहमी विषम, म्हणून तो असा एका दिशेने फाटत नाही.

देवघरातलं पोथीचं व्यासपीठ आठवतं ना? शिवणीच्या एका फळीतून आजोबांनी काढलेलं. तू लहान असताना ते उघड-मिट करत बसायचीस आणि विचारायचीस की याचे दोन तुकडे आत कसे घातले. घातलेच नाहीत. फळी जाडीतून दोन्ही टोकांकडून चिरत मध्यापर्यंत आणायची, आणि मध्ये बोटं एकमेकांत गुंतलेली असतात तसे दात दोन्ही अंगांनी कोरत न्यायचे, शेवटच्या काप्याला फळी आपोआप उघडते. दातांमध्ये जागा किती, तर करवतीच्या पात्याएवढी. जुलैत ते इतकं घट्ट होतं की आईला दोन्ही हात लावावे लागतात, मे महिन्यात नुसतं उचललं तरी पसरतं. आजोबा म्हणायचे, "लाकूड मेला तरी पाणी पिता." मी तुझ्या वयाचा असताना मला ती म्हाताऱ्याची बडबड वाटायची.

जोडायचा क्रम सोपा आहे, पण मखराचं लक्षात ठेव. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली आणि मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना चतुर्थीच्या आदल्या रात्री अर्ध्या तासात उभं राहणारं आणि नंतर माळ्यावर आडवं पडणारं मखर हवं होतं. बारा एमएममध्ये मी पहिलं केलं, चौदा भागांचं. तेरा बसले, चौदावी कमान जाईना, कारण तिला जायची वाट आधीच्या दोन भागांनी अडवलेली. रात्री साडेदहाला सगळं खोललं. त्यानंतर आधी पुठ्ठ्याचा छोटा नमुना केल्याशिवाय मी प्लायला करवत लावलेली नाही. खोक्याचा पुठ्ठा तीन मिलिमीटरचा, म्हणजे अठराच्या प्लायला एकास सहा माप आपसूक येतं. त्याच वर्षी तू नववीत होतीस आणि भागांवर पेन्सिलीने अ, आ, इ, ई लिहून कुठल्या खाचेत काय जातं ते जुळवलं होतंस. कारखान्यात अजून तीच पद्धत आहे. तुझ्या टेबलाच्या फळ्यांवरही आतल्या अंगाला तीच अक्षरं सापडतील. डाव्या-उजव्या कुसवांत मी मुद्दाम अर्ध्या इंचाचा फरक ठेवलाय, म्हणजे उलटी जोडायला गेलीस तर जाणारच नाही.

आधी अ आणि आ या बाजू इ या आडव्या फळीवर चढव. पाचरी हाताने घाल, ठोकू नकोस. मग वरची ई टेकव, बाजूंच्या जिभा वरच्या चार खाचांत एकदम उतरल्या पाहिजेत. एखादी अडली तर तिच्यावर हातोडा मारू नकोस, खालची पाचर थोडी सैल कर, मार्ग निघतो. सगळं बसलं की मग पाचरी ठोक, आळीपाळीने दोन-दोन ठोके. आवाज बदद येतो तोवर ठोकायचं, टणक आला की थांबायचं. फेव्हिकॉल लावायचा नाही. मी पहिल्या टेबलाला गुपचूप लावला होता, भरवसा नव्हता म्हणून, आणि ते गिऱ्हाईक घर बदलताना करवतीने कापून घेऊन गेलं.

पिशवीत पाचरींची जादा जोडी आहे आणि माझी छोटी मोगरी. मोगरी गणपतीला येताना परत आण, ती आजोबांची आहे. व्हर्नियर मात्र पाठवलेला नाही, माझ्याकडे एकच आहे. पगार झाला की तुझा घे आणि तिथे प्लायच्या दुकानात जाऊन अठराचा अठरा भरतो का ते मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

पाचरी आता पावसाळ्यात घडवल्यात. दसऱ्यानंतर हवा कोरडी पडली की त्या अंगाने बारीक होतील आणि टेबल किंचित हलायला लागेल. घाबरून फोन करू नकोस. दोन्हीकडे एकेक ठोका दे.

तुझे
बाबा

ता. क. मोगरीच्या खाली डब्यात सोलं आहेत. आईने सांगितलंय की ती फ्रिजबाहेर ठेव.