छंदांवरच पहिली कात्री का?

‘उत्पन्न घटले की छंदांवरील खर्च सर्वप्रथम थांबवावा’, हा आपल्या रविवार पुरवणीतील घरखर्चविषयक लेखातला सल्ला पटला नाही. महिनाअखेरीस ओढाताण होऊ लागली की वाचनालयाची वर्गणी आणि भजनी मंडळाचे येणे-जाणे यांवर आधी गदा येते. हॉटेलातले जेवण आणि नव्या मोबाइलचा हप्ता मात्र शाबूत राहतो. शिवाय बंद पडतो तो छंद बहुधा घरातल्या बाईचा किंवा निवृत्त माणसाचा, याचा लेखात उल्लेखही नाही. बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत सहा माणसे नांदत असताना सासऱ्यांनी संध्याकाळचे दोन तास वाचनालयात काढणे ही चैन नव्हे; त्या वेळात मुलांचा अभ्यास होतो आणि सुनेशी उडणारे खटके टळतात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. आमच्या मजल्यावर तेव्हा तांब्या-पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली, पण भात्याला ठिगळ लावलेली मंडळाची पेटी दर गुरुवारी वाजतच होती, कारण तिला खर्च असा नव्हताच. हौसेची महागडी उपकरणे हप्त्याने घेणाऱ्यांना लेखकाचा सल्ला जरूर लागू पडतो. घरात आधीच असलेली पेटी माळ्यावर टाकून महिन्याला नेमके किती रुपये वाचतात, तेवढे त्यांनी पुढील लेखात मांडावे.

– एक वाचक, परळ, मुंबई