सायटोकाइनच्या रिपोर्टवर वेळ छापा

मा. संपादक,
सेप्सिसचा (जंतुसंसर्गाने सारे शरीर बिघडण्याचा) संशय असो की संधिवात, आता तालुक्याच्या गावचे डॉक्टरही आयएल-६ ची तपासणी लिहून देतात (आयएल-६ म्हणजे इंटरल्युकिन-६, दाह दाखवणारे एक सायटोकाइन, म्हणजे पेशींनी सोडलेले संदेशवाहक प्रथिन). रक्त काढतात सेलूला नाहीतर गेवराईला, तपासणी होते छत्रपती संभाजीनगरला किंवा थेट पुण्या-मुंबईला. रिपोर्टात आकडा दशांशापर्यंत असतो, पण रक्त कधी काढले आणि प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) कधी वेगळा केला, हे सहसा नसते.

नळीतल्या पांढऱ्या पेशी रक्त काढल्यावरही जिवंत असतात. तासन्‌तास उकाड्यात पडून राहिल्या की त्या आयएल-६, आयएल-८ सोडत राहतात. रुग्णाच्या अंगात नसलेला दाह कागदावर दिसतो. म्हणून जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) नळीत रक्त घेऊन ती आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करावी, अर्ध्या तासाच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये १००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोराने) १५ मिनिटे फिरवावी आणि प्लाझ्मा छोट्या नळ्यांत वाटून गोठवावा. सेंट्रिफ्यूज तालुक्याला असतोच, आड येतो तो कंटाळा. गोठवलेला नमुना साध्या बर्फाच्या थर्माकोल डब्यात वाटेतच वितळतो. त्याला ड्राय आइसच लागतो. वितळलेला पुन्हा गोठवला, तर काही सायटोकाइन घटतात.

प्रयोगशाळाही यातून सुटत नाहीत. एलायझा (अँटिबॉडी आणि रंगाच्या मदतीने प्रथिन मोजण्याची पद्धत) किटच्या माहितीपत्रकातले ‘खोलीचे तापमान’ म्हणजे साधारण २० ते २५ अंश. मे महिन्यात भारनियमनात एसी बंद पडला, की परभणीतली खोली पस्तिशीच्या पुढे असते. तिथे टीएमबी या रसायनाचा निळा रंग वेळेआधीच चढतो, वरचे स्टँडर्ड (ठाऊक प्रमाणाचे नमुने) रंग मोजणाऱ्या रीडरच्या मर्यादेबाहेर जातात आणि प्लेटच्या कडेचे वेल (खळगे) सुकून मधल्यांशी जुळत नाहीत. प्लेटला चिकटपट्टीचे झाकण लावलेच पाहिजे. वॉश बफरला डिस्टिल्ड पाणीच हवे. बोअरचे सोडाच, आरओचे जारही नको. बफरात सोडियम अझाइड असेल तर एचआरपी हे रंग आणणारे एन्झाइम काम करत नाही, रंगच येत नाही. उलट, धुतल्यावर प्लेट टिपकागदावर नीट आपटली नाही, तर ब्लँकसुद्धा (नमुना न घातलेला वेल) ४५० नॅनोमीटरला रंग दाखवतो.

पैसे वाचवायला मागच्या प्लेटचा स्टँडर्ड कर्व्ह (रंगावरून प्रमाण काढायचा आलेख) वापरणे तर निव्वळ अंदाजपंचे. दर प्लेटवर स्टँडर्ड आणि नमुने दोन-दोन वेलमध्ये लावावेत. वाचन वरच्या स्टँडर्डच्या पुढे गेले तर आलेखाची रेघ पुढे ओढून आकडा काढू नये, नमुना पातळ करून पुन्हा लावावा.

डॉक्टरांसाठी दोन गोष्टी. संधिवातात रक्तात आढळणारा ऱ्हुमेटॉइड फॅक्टर किटच्या आयएल-६ पकडणाऱ्या दोन्ही अँटिबॉडींना जोडून खोटा आकडा देऊ शकतो. आणि टॉसिलिझुमॅब (आयएल-६ चा परिणाम अडवणारे औषध) दिल्यावर रक्तातले आयएल-६ वाढते. औषध लागू पडले नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

तेव्हा रिपोर्टवर रक्त काढल्याची आणि प्लाझ्मा वेगळा केल्याची वेळ, नळीचा प्रकार आणि किटचे नाव छापावे. रक्तपेशी फुटून लालसर झालेला प्लाझ्मा तपासू नये, परत पाठवावा. दोन वेगवेगळ्या किटचे आकडे शेजारी ठेवून आजार वाढला की उतरला, हे ठरवू नये.

— एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परभणी