‘जेवतेस का?’ हेही विचारा

माझी धाकटी बहीण पोलिओमुळे पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावून चालते. ‘वजन वाढलं तर तुला उचलणार कोण?’ हे तिने घरातच, आमच्याच तोंडून ऐकलं. ती अर्ध्या भाकरीवर आली. बाहेर स्वच्छतागृहाला पायऱ्या असतात, म्हणून पाणीही टाळू लागली. बारीकपणा सगळ्यांनी पोलिओच्या खात्यावर टाकला. हा खाण्याशी जडलेला मानसिक आजार आहे, हे कळायला दोन वर्षं गेली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण आम्ही गेलो त्या तपासणी शिबिरांत तिच्या जेवणाबद्दल कुणी विचारलं नाही. सांगली-मिरजेच्या शिबिरांत तो प्रश्न विचारावा, शक्यतो महिला समुपदेशकाने. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही तिथे लावावा.

– एक वाचक, मिरज