देऊळ उतरवायच्या आधी मुंबईचं सिनेगॉग बघून या

संपादक साहेब, नमस्कार,

आमच्या खानापूर भागात एखादं जुनं देऊळ गळायला लागलं की कमिटी बसते, वर्गणी काढतात, जेसीबी येतो आणि वर्षभरात तिथं स्लॅबचं नवं देऊळ, खाली चकचकीत ग्रॅनाइट. दुरुस्त करूया असं कोण म्हणतच नाही.

मुंबईत काळा घोड्याजवळ ज्यू लोकांचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनेचं ठिकाण आहे, जेकब ससूननी १८८४ ला वडिलांच्या नावानं बांधलेलं. जुन्या वास्तू जतन करणाऱ्या आर्किटेक्ट आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली त्याच्या दुरुस्तीचं काम झालं, २०१९ ला ते परत उघडलं, युनेस्कोचं बक्षीसपण मिळालं. पैसा मोठ्या संस्थांचा होता हे मान्य, पण पद्धत बघा, वर चढवलेला भडक निळा रंग काढला, रंगीत काचा दुरुस्त केल्या, आणि एवढं करून बिल्डिंग जुनीच दिसते, फक्त धडधाकट. आपल्याकडं चुन्याच्या भिंतीला सिमेंट थापतात, वरून ऑइलपेंट, मग आतली ओल बाहेर पडायला वाटच राहत नाही, आमच्याकडच्या पावसात तर पोपडे सुटणारच, आणि मग म्हणायचं भिंतीतच दम नाही, पाडा.

ससूनांचं सोडा, ते बगदादचे श्रीमंत व्यापारी. खरी आपली माणसं म्हणजे कोकणातले बेने इस्रायल ज्यू, घरात मराठी बोलणारे, दिवेकर, पेणकर अशी आडनावं, तेलाचा घाणा शनिवारी बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, सिनेगॉगला ते मशीदच म्हणतात. मुंबईतली त्यांची पहिली मशीद १७९६ ची, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेली. इंग्रजांच्या फौजेत असताना ते टिपूच्या कैदेत सापडले आणि सुटल्यावर नवस फेडायला ही बांधली असं सांगतात, म्हणजे त्या गोष्टीचा एक धागा आपल्या कर्नाटकातपण आहे बघा. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल इथंपण त्यांच्या मशिदी आहेत, पण १९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली, मागं राहिलेल्या मूठभर लोकांनी त्या सांभाळायच्या म्हणजे सोपं नाही. सरकारनं पैसा द्यायचाच तर आधी इथं द्यावा असं माझं मत.

आणि लांब कशाला, बेळगावच्या किल्ल्यात रट्ट राजांच्या काळातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आहेच की, १२०४ ची, छतातलं दगडी कमळ अजून जाग्यावर आहे. ती पुरातत्त्व खात्याकडं आहे म्हणून बरं, गावच्या कमिटीकडं असती तर एव्हाना टाइल्स लागल्या असत्या (राग मानू नका).

तुमच्या पेपरला एक विनंती आहे, बेळगाव, निपाणी, कोल्हापूर भागात चुन्याचं काम येणारे गवंडी आणि जुन्या बांधकामातले जाणकार इंजिनियर कोण आहेत त्याची माहिती रविवारच्या पुरवणीत द्या, म्हणजे कमिटीवाल्यांना स्लॅबच्या कॉन्ट्रॅक्टरआधी त्यांना तरी विचारता येईल.

आपला एक वाचक,
खानापूर, जि. बेळगाव